वाजवणाऱ्याचा कान



नाटकाचा आणि गाण्याचा इतिहास बहुधा प्रेक्षकांच्या बाजूने लिहिला जातो. कोणत्या नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असे, कोणत्या पदाला किती वेळा 'वन्स मोअर' मिळाला, पहिला भोंगा कोणत्या गावात कधी आला, हे सारे लिहून ठेवलेले सापडते. पण जो गात होता, जो वाजवत होता, त्याला स्वतःला काय ऐकू येत होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आम्ही कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालवलेली माणसे. वस्तू पाहिली की ती करणाऱ्याचे हात प्रथम आठवावेत, ही आम्हांला लागलेली सवय आहे. म्हणून आज या व्याख्यानमालेत आम्ही गाण्याकडे न पाहता गाणाऱ्याच्या कानाकडे पाहणार आहोत. शेवटी त्यातून एक अगदी व्यवहाराचा प्रश्नही सोडवू. तो प्रश्न असा, की हातात पैसे थोडे असलेल्या वादकसंचाने कानात घालायचे मॉनिटर घ्यावेत की नाहीत, आणि घ्यायचे तर कोणते?

हा प्रश्न साकोलीत विचारण्याचे कारण सांगायला नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा आमचा झाडीपट्टीचा मुलूख. धान घरात आले, दिवाळी झाली, मंडई भरली, की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. गावोगावचे लोक तिथे जाऊन प्रयोग ठरवतात. प्रयोग रात्री दहाच्या सुमारास उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला तिची पुन्हा एकदा आठवण झाली. परंतु त्या रात्रभराच्या नाटकात पेटी, कीबोर्ड, तबला, ऑक्टोपॅड घेऊन बसलेली जी चार-पाच माणसे असतात, त्यांची आठवण अजून व्हायची आहे.

आता थोडे मागे जाऊ. आमच्याकडची जुनी दंडार घ्या किंवा खडी गंमत घ्या. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या लोककलांचा आणि झाडीबोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, त्यामुळे त्यांची नोंद तरी राहिली. ढोलकी वाजवणारा आणि झील धरणारे गाणाऱ्याला लागूनच उभे. गाणाऱ्याच्या पाठीवर ढोलकीची थाप जवळजवळ अंगानेच कळायची. आवाज लांब जात नसे हे खरे. पण जो काही होता तो करणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकाच वेळी, एकाच मापाने मिळत होता.

संगीत नाटकानेही हा नियम मोडला नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आले. तेव्हापासून पुढची चाळीस-पन्नास वर्षे मराठी नट विजेच्या मदतीवाचून गात होता. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी साथीला बसत असे, आणि ऑर्गनचा भरदार सूर थेट बालगंधर्वांच्या कानावर पडत असे. साथीदार आणि गायक यांच्यामध्ये तेव्हा हवेखेरीज काही नव्हते.

मध्ये यंत्र आले ते विसाव्या शतकात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात प्रिडहॅम आणि जेन्सन या दोघांनी १९१५ साली मोठ्याने बोलणारा कर्णा सिद्ध केला आणि त्याच वर्षीच्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोत तो हजारो लोकांपुढे वाजवला. पुढे आपल्याकडे स्वातंत्र्यचळवळीच्या सभांतून मुंबईच्या 'शिकागो रेडिओ'चे ध्वनिक्षेपक घुमू लागले, आणि 'अहुजा'चा भोंगा तर खेड्यापाड्यांतल्या लग्नापर्यंत पोहोचला. याचे उपकार आम्ही विसरणार नाही. भोंगा नसता तर मैदानावरच्या शेवटच्या कामगारापर्यंत त्याच्या पुढाऱ्याचा शब्द गेला नसता.

परंतु भोंग्याचे तोंड एकाच बाजूला असते, आणि ती बाजू प्रेक्षकांची. गाणारा भोंग्याच्या मागे राहतो. त्याला जे ऐकू येते ते समोरच्या झाडांवर, भिंतीवर आपटून उशिरा परतलेले, घोगरे झालेले. भोंगा वळवून त्याच्याकडे करावा, तर ध्वनिग्राहकातून तोच आवाज पुन्हा आत शिरतो आणि शिट्टी सुटते. ज्याच्या श्रमाने आवाज निर्माण झाला, त्याच्याच वाट्याला तो आला नाही. कारखान्यातल्या मालाचे जे होते तेच इथे आवाजाचे झाले, असे आम्ही म्हटले तर तुम्ही हसाल. पण हसून झाल्यावर विचार करा.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण १५ ऑगस्ट १९६५ चे आहे. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 'बीटल्स' या इंग्रज चौकडीचे गाणे ऐकायला ५५,६०० लोक जमले. वाद्यांसाठी शंभर-शंभर वॉटचे अॅम्प्लिफायर होते आणि गळ्यांसाठी मैदानातली घोषणा करण्याची व्यवस्था. लोकांच्या ओरडण्यापुढे त्या चौघांना आपलेच गाणे ऐकू येईना. मागे ढोल वाजवणारा रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या अंगाच्या हालचाली पाहून गाणे कुठवर आले याचा अंदाज बांधत असे, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. जगातला सर्वांत नामांकित वादकसंच, आणि तो डोळ्यांनी ताल धरतो!

यावर उपाय म्हणून त्याच दशकात गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून तिरका ठेवलेला छोटा भोंगा आला. त्याला स्टेज मॉनिटर म्हणतात. आज आपल्याकडच्या बहुतेक मांडवांत तो दिसतो. त्याने काम भागले, पण एक दुष्टचक्र सुरू झाले. ऑक्टोपॅडवाला म्हणतो, मला ऐकू येत नाही, वाढवा. त्याचे वाढले की कीबोर्डवाल्याचे बुडते. तोही वाढवून घेतो. मग गायिका घसा ताणते. नागपूरकडे धुमाल ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे चक्र कुठवर जाते हे सांगावे लागणार नाही. ट्रकवर भोंग्यांची भिंत, आणि त्या भिंतीला पाठ लावून बसलेली पोरे!

इथे आमचा विषय येतो. गोंगाटाने कान जातात, हे ज्ञान कामगारांच्या कानांची किंमत देऊन मिळालेले आहे. १८८६ साली ग्लासगोच्या टॉमस बार या डॉक्टरने बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले. पूर्ण निर्दोष ऐकू येणारा त्यांत एकही निघाला नाही. लँकेशरच्या मागखात्यांतील विणकर बाया तर ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलत. आमच्याकडच्या भातगिरणीत दोन-चार हंगाम काढलेला माणूस घरी आल्यावर मोठ्याने का बोलतो, हे त्याच्या बायकोला विचारा. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्यातील धंदेवाईक रोगांच्या यादीत पुढे घालण्यात आले. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ते आहे.

मोजमाप समजून घेणे अवघड नाही. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने १९९८ साली जी मर्यादा सांगितली ती अशी : ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाकाठी ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करीत जायचा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. आता भोंग्याशेजारी बसून रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत, हंगामभर वाजवणाऱ्या माणसाचा हिशेब तुम्हीच करा. आणि हा कान कापलेल्या बोटासारखा रक्त काढीत नाही. आधी कानात बारीक 'कुईं' असा नाद राहतो, मग झांजेची वरची झिलई ऐकू येईनाशी होते, मग नातवाचे बोलणे. गेलेला कान परत येत नाही.

कोणी म्हणेल, संगीत म्हणजे काही गोंगाट नव्हे. हा युक्तिवाद लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसच्या बाजूने न्यायालयात झालेला आहे. ख्रिस्तोफर गोल्डशायडर हा तिथला व्हायोला वाजवणारा. १ सप्टेंबर २०१२ रोजी वाग्नरच्या संगीतनाट्याची तालीम चालली असता, त्याच्या अगदी मागे तुताऱ्यांचा ताफा बसवला होता. कान कायमचे बिघडले आणि धंदा गेला. मार्च २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, आणि २०१९ साली वरच्या न्यायालयाने जबाबदारी कायम केली. सुंदर आवाज हा कानाच्या पडद्यामागच्या पेशींना आवाजच असतो, हे त्या दिवशी कायद्याच्या भाषेत नोंदले गेले.

आता ज्या वस्तूबद्दल बोलायचे तिच्याकडे येऊ. दोन्ही कान बंद करणारे बोंड, त्याच्या आत चिमुकला ध्वनिक्षेपक, आणि त्यातून वादकाला हवे तेवढेच, हव्या त्या मिश्रणाचे संगीत. अमेरिकेत स्टीफन अँब्रोज या तंत्रज्ञाने १९६० च्या दशकापासून यावर खटपट केली. १९९१ साली 'एटिमोटिक' या संस्थेने कान घट्ट बंद करणारे उत्तम श्रवणक बाजारात आणले. १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने अॅलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकासाठी कानाच्या साच्यात बसणारी जोडी घडवली आणि तिथून हा धंदा पसरला. यात एक गोष्ट आमच्या मनाला फार लागली. या महागड्या जोड्यांच्या पोटात जे सूक्ष्म यंत्र असते, ते मुळात श्रवणयंत्रांसाठी, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, लहान करण्यात आले होते. ज्यांचे कान गेले त्यांच्यासाठी केलेली वस्तू, ज्यांचे अजून शाबूत आहेत त्यांच्या रक्षणाला आली.

पहिली वीस वर्षे ही चैन श्रीमंत कलावंतांची होती. मग दोन बदल झाले. २०१२ च्या सुमारास 'बेहरिंगर'च्या एक्स-३२ सारखे अंकीय मिक्सर तुलनेने स्वस्तात मिळू लागले, आणि प्रत्येक वादकाला वेगळे मिश्रण देणे छोट्या संचालाही शक्य झाले. दुसरे, चिनी कारखान्यांनी, उदाहरणार्थ 'के. झेड.'ने, तारेचे बरे श्रवणक हजार-दोन हजार रुपयांत आणून ठेवले. म्हणजे आज प्रश्न परवडण्याचा कमी आणि निवडीचा अधिक आहे.

निवडताना आमच्या मते खर्चाचा क्रम असा असावा.

पहिला मान बोंडाला. आत किती यंत्रे आहेत, दोन की दहा, याची जाहिरात फार होते. तिकडे आधी पाहू नये. बोंड कानात घट्ट बसले नाही तर खर्ज गळून जातो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. मग माणूस आवाज वाढवतो आणि सारे मुसळ केरात जाते. नीट बसलेले फोमचे बोंड बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलने खाली आणते. खरा फायदा हाच. पण तो आवाज कमी ठेवला तरच मिळतो. स्वस्त श्रवणक आणि तीन मापांची चांगली बोंडे हा सौदा महाग श्रवणक आणि ढिल्या बोंडापेक्षा केव्हाही चांगला. पुढे पैसे साचले तर नागपुरात श्रवणयंत्रांच्या दुकानी कानाचा साचा घेतात, त्यावरून बोंडे करवून घ्यावीत.

दुसरे, बसून वाजवणाऱ्याला बिनतारी यंत्राची गरजच नाही. कीबोर्ड, तबला, ऑक्टोपॅड यांच्या माणसांना मिक्सरपासून एक लांब तार आणि कमरेला अडकवायचा छोटा अॅम्प्लिफायर पुरतो. तारेला परवाना लागत नाही, तिचे सेल संपत नाहीत, आणि तुटली तर रात्री दोन वाजताही डाग लावून जोडता येते. वाचलेले पैसे फिरून गाणाऱ्या एक-दोन नटांच्या बिनतारी संचावर घालावेत.

तिसरे, बिनतारी संच घेताना लहरी पाहाव्यात. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोबाइल कंपनीकडे गेला. त्या पट्ट्यातले जुने, वापरलेले परदेशी संच स्वस्तात मिळतात. ते घेऊन टॉवरशी झुंज मांडू नये. २.४ गिगाहर्ट्‌झचे संच परवान्याशिवाय चालतात. मात्र हजारो मोबाइल खिशात घेऊन बसलेल्या मांडवात ते आधी पारखून घ्यावेत. आणि गाणी ऐकायचे साधे ब्लूटूथ श्रवणक तर या कामाला मुळीच घेऊ नयेत. त्यांत आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा अधिक उशिरा पोहोचतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सुमारे ३४ मीटर जातो. म्हणजे आपला तबलजी शंभर फुटांवर बसवल्यासारखे झाले!

चौथे, मिक्सरवर ऑक्सच्या वाटा किती आहेत ते मोजावे. जितक्या वाटा तितकीच वेगळी मिश्रणे. दोनच असतील तर एक तालवाल्यांना, एक गाणाऱ्यांना. आणि ती वाट फेडरच्या आधीची असावी, नाहीतर साउंडवाल्याने प्रेक्षकांसाठी आवाज कमी केला की वादकाच्या कानातलाही जातो.

पाचवे, लिमिटर. तार निसटली किंवा ध्वनिग्राहक पडला, तर जो धमाका होतो तो थेट पडद्यावर आदळतो. त्याला अडवणारी सोय असल्याखेरीज कानात काही घालू नये. भोंग्यापासून पळता येते. कानातल्या भोंग्यापासून पळता येत नाही. त्याच कारणाने एक कान उघडा ठेवण्याची खोड घातक आहे. उघडा कान मांडवाचा मार खातो आणि दुसऱ्यात आवाज वाढवावा लागतो. आणि बोंड ज्याचे त्याचे. कानाचा मळ आणि कानाचा विकार वाटून घेण्याची वस्तू नव्हे.

या वस्तूवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. कान बंद केले की कलावंत एकटा पडतो. झाडीपट्टीचा प्रेक्षक तर गप्प बसणारा नव्हे. त्याची शिट्टी, त्याचा 'वन्स मोअर' ऐकूनच नट पुढचे वाक्य टाकतो. यावर उपाय स्वस्त आहे. रंगमंचाच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून एक साधा ध्वनिग्राहक लावावा, आणि तो प्रेक्षकांच्या भोंग्यात न देता फक्त वादकांच्या कानात थोडासा मिसळावा. लोक पुन्हा जवळ येतात. उलट पायाशी असलेले भोंगे गेल्याने मंचावरचा एकूण गोंगाट उतरतो, आणि गायिकेला घसा ताणावा लागत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा काच ज्या कंपन्यांना आणि गावकऱ्यांना सोसावा लागतो, त्यांनीही या बाजूने विचार करण्यासारखा आहे.

आता शेवटचा प्रश्न. आमच्या दृष्टीने तोच पहिला. हे पैसे कोणी द्यायचे?

हल्ली उत्तर ठरलेले असते : ज्याला हवे त्याने आपले आणावे. तबलजी तबला स्वतःचा आणतो, मग हेही आणावे. इथे दोन वस्तूंची गल्लत होते. तबला हे कामाचे हत्यार आहे. कानातले मॉनिटर हे हत्यारही आहे आणि संरक्षणाचे साधनही. ज्या साधनाने कामगाराचे शरीर वाचते त्याचा खर्च कामगाराच्या अंगावर टाकायचा नाही, हे तत्त्व १९४८ च्या कायद्यात कलम ११४ म्हणून आले, आणि नव्या संहितेतही टिकले. कारखान्याला जो न्याय तो मांडवाला का नाही? त्याच नव्या संहितेत चित्रपट, दूरचित्रवाणी यांतल्या नट-वादकांना दृक्‌श्राव्य कामगार म्हणून नाव मिळाले आहे. मांडवातल्या रंगभूमीचे नाव त्या व्याख्येत नाही. विडी वळणाऱ्यांना १९६६ साली स्वतःचा कायदा मिळाला, तोही कोणी दान म्हणून दिला नव्हता. घरी बसून वळतो तो कामगारच नव्हे, असे म्हणणारे त्याआधी पुष्कळ होते. रात्री वाजवतो आणि टाळ्या घेतो तो कामगार नव्हे, असे म्हणणारे आज आहेत.

कंपनी चालवणाऱ्यांची अडचण आम्हांला ठाऊक आहे. तेही बहुधा कलावंतच. एक पावसाळी रात्र त्यांचे गणित मोडते. म्हणून आम्ही एकदम सगळे मागत नाही. हंगामाचा करार होतो तेव्हा त्यात तीन ओळी वाढवाव्यात. संचातल्या बसून वाजवणाऱ्यांना तारेची जोडी आणि लिमिटर असलेला अॅम्प्लिफायर कंपनीने पुरवावा. बोंडे प्रत्येकाला त्याची स्वतःची द्यावीत. आणि हंगामापूर्वी एकदा, हंगामानंतर एकदा प्रत्येकाच्या कानाची तपासणी करवून तिचा कागद ज्याच्या त्याच्या हाती द्यावा. नाटक ठरवणाऱ्या गावानेही आपल्या वर्गणीतून यातला वाटा उचलावा. मांडव, रोषणाई, भोंगे यांचा खर्च गाव मोजून देते. वाजवणाऱ्याच्या कानाचा रकाना त्या हिशेबात अजून घातलेला नाही. येत्या दिवाळीपूर्वी वडशाला प्रयोग ठरवायला आपल्या गावाची माणसे जातील. तेव्हा कंपनीला नटांची नावे विचाराच. पण त्यांना एवढेही विचारू द्या, की तुमच्या वादकांच्या कानांसाठी तुम्ही काय केले आहे?